क्योतोतल्या चार रकाती

एहरामचं कापड जहूरनं स्वतः निवडलं होतं. दुकानातले दोन-तीन ताके काढून त्यानं चिमटीत चोळून पाहिले, दारातल्या उजेडात धरले आणि घट्ट विणीचा, घामानं अंगाला न चिकटणारा घेतला. हजला जाणाऱ्याच्या अंगावर न शिवलेली दोनच पांढरी वस्त्रं असतात. सगळं आयुष्य कापडात गेलेल्या माणसानं ती तरी नीट घ्यावीत, एवढाच त्यामागं विचार होता. शुक्रवारी सकाळी दुबईत, देरातल्या घरी, माडीवरच्या खोलीत, त्याच्या बायकोनं, बिलकीसनं, ती घडी मोडली आणि खिडकीशी धरली. "ह्याच्यावर काहीतरी छापलंय," ती म्हणाली. काठावर सोनेरी शाईचा शिक्का होता. उभी जपानी अक्षरं, आणि त्याखाली बारीक इंग्रजीत ओसाका. असे शिक्के जहूर दुकानात रोज बघत असे. गिऱ्हाइकाला मालाची खात्री पटवायला तोच तर दाखवायचा. पण इथं, एहरामवर, सकाळच्या तिरप्या उन्हात तो शिक्का चमकला आणि जहूरची नजर त्यावरून हटेना. "तेवढी पट्टी कापून टाकू," बिलकीस म्हणाली. "अजरा, कात्री दे गं अब्बांना." खाली अंगणातून नऊ वर्षांच्या अजराचं उत्तर आलं, "वन मिनिट, अम्मी, आय ॲम यूजिंग इट!" बिलकीस हसली. मग कापडाची घडी घालता घालता, भाजीला मीठ घातलं का असं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "तुमची कुठली नमाज राहिलीय का हो? माझे सुटलेले रोजे भरून झाले गेल्या आठवड्यात. राहिली असेल तर कजा पढून टाका. निघायच्या आधी मागं काही ठेवू नये."

"नाही," जहूर म्हणाला. ते खरं होतं. राहिलेली एकही नव्हती. बोटीवर, बंदरात, तापात, दुकानाच्या मागच्या खोलीत गाठोड्यांच्या फटीत, त्यानं प्रत्येक नमाज वेळेवर पढली होती. ह्या बाबतीत तो काटेकोर होता, जसा तो कापडाच्या पन्ह्याबाबत काटेकोर होता. पण "नाही" म्हटल्यावर त्याला ते उगाच मोठ्यानं म्हटल्यासारखं वाटलं. राहिली नव्हती, पण एक अशी होती की जी झाली की नाही हे त्याला गेली दोन वर्षं ठरवता आलं नव्हतं. मंगळवारी लाँच सौदीतल्या दम्मामला निघायची होती, तिथून पुढं मोटारीनं वाळवंट पार करायचं होतं. म्हणजे हा प्रश्न आता ठरवायलाच हवा होता. काब्यासमोर उभं राहून तो मनात घोळवत बसणं त्याला जमलं नसतं.

आज त्याला माफी मागत फिरायचं होतं. हजला जायच्या आधी ओळखीच्या प्रत्येकाकडं जाऊन बोललं-चाललं माफ करा म्हणायचं, ही रत्नागिरीकडची रीत दुबईतही कुणी सोडली नव्हती. उलट इथं माणसं थोडी, म्हणून ती जास्तच कसोशीनं पाळली जायची. जहूर खाडीवर आला आणि पलीकडं बर दुबईला जाणाऱ्या अब्रात बसला. होडीवाल्यानं "यल्ला, यल्ला" म्हणत दोघा पठाणांना आणखी आत ओढून घेतलं आणि होडी सुटली. पाणी हिरवं होतं आणि त्यावर केरोसीनचे रंगीत पट्टे लांबत, मोडत होते. समोरच्या काठावरचे वाऱ्याचे मनोरे उन्हात पिवळे दिसत होते, चारी बाजूंना तोंडं उघडून वारा पिणारे. त्यांच्याकडं बघता बघता जहूरला त्यांच्या जागी छपरं दिसू लागली. एकावर एक ठेवलेली, टोकं किंचित वर उचललेली काळी छपरं, आणि त्यांच्या मागं डोंगर, इतका जवळ की घराच्या परसात उभा असावा. हे असं नेहमी व्हायचं. क्योतो त्याला कधी पूर्ण आठवायचं नाही. एक छप्पर यायचं, एक वास यायचा, एखादी लाकडी पायरी यायची, आणि बाकीचं शहर त्यांच्या मागं धुक्यात उभं राहायचं.

हमीदभाईंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, त्याला महिनाभर कोबेला पाठवलं होतं. नायलॉन आणि रेयॉनचे नवे नमुने बघायचे, ऑर्डर पक्की करायची, बँकेच्या हमीपत्राचे, एल.सी.चे, कागद निस्तरायचे. महिनाभर तो गोदामं आणि गिरण्या यांपलीकडं कुठं गेला नाही. सकाळी सँपल, दुपारी सँपल, रात्री लॉजवर उद्याच्या सँपलांचे भाव. नमाजेला उभा राहिला की कान कुराणाच्या आयतीकडं आणि डोकं दुसरीकडं. सजद्यात कपाळ टेकलं की डोळ्यांपुढं फुलांची छपाई यायची, निळी जास्त खपेल की मोरपंखी. हे जपानमध्येच व्हायचं असं नव्हे. मुंबईत मूलजी जेठा मार्केटमध्ये तो उमेदवारी करत होता तेव्हापासून असंच होतं. नमाज तो पढत होता, पण तिच्यात कापड असायचं. कधी त्याला वाटायचं, अल्लाहपुढं आपण रोज पाच वेळा गाठोडं घेऊनच उभे राहतो. शेवटच्या रविवारी निर्यात कंपनीतला मोरिता नावाचा कारकून लॉजवर आला. तिशीतला, ढगळ कोट घातलेला, मोजून वीसेक इंग्रजी शब्द जाणणारा माणूस. "टुडे नो क्लॉथ," तो म्हणाला. "टुडे क्योतो."

होडी धक्क्याला लागली. जहूर उतरला आणि कमरुद्दीनचाचांकडं गेला. जयगडचे कमरुद्दीनचाचा, जन्मभर गलबतावर तांडेल, आता गुडघे गेल्यामुळं पुतण्याच्या वखारीच्या सावलीत खाट टाकून बसलेले. जहूरनं सलाम केला आणि म्हणायचं ते म्हटलं.

"माफ?" चाचा म्हणाले. "माझी छत्री नेलीस ती आणलीस का?"

"ती तुमच्या सुनेकडं दिली होती, चाचा."

"सून म्हणते दिली नाही. आता दोघांतल्या कुणाला माफ करू?" त्यांनी डोळे मिचकावले. "जा, केलं. सगळं केलं. तिथं गेलास की माझ्या गुडघ्यांसाठी दुवा माग. जन्नत-बिन्नत मी माझं बघून घेईन, तू फक्त गुडघ्यांचं बोल."

जहूर हसला, पण उठला नाही. चाचांनी पुतण्याला हाक मारून चहा सांगितला. पाठीमागं हमाल दोरानं एका तालात गाठोडी उतरवत होते. जहूर म्हणाला, "चाचा, समुद्रात नमाज पढताना किबल्याकडं तोंड कसं धरायचात? गलबत तर वळत असणार."

"वळणारच. वारा काय आपल्याला विचारून वाहतो? उभं राहताना तोंड नीट करायचं, मग गलबत वळेल तसं आपण वळायचं, जमेल तितकं. नाही जमलं तर नाही जमलं."

"आणि समोर भलतंच काही आलं तर?"

"भलतं म्हणजे?"

"समजा, आपल्याला माहीत नाही, आपण पश्चिमेला तोंड करून उभे राहिलो, आणि समोर... नंतर कळलं की समोर मूर्ती होती."

पुतण्यानं आणलेला चहाचा पेला चाचांनी खाटेवर ठेवला. चेष्टा गेली होती, पण राग नव्हता. "कुणाचं म्हणतोस?"

"एकाचं."

"त्या एकाला सांग, शंका आहे ना, मग परत पढ. चार रकाती. कपाळ काय झिजत नाही. खलास." आणि पुन्हा हसून, "एवढ्याशा गोष्टीला चहा थंड करतोस काय?"

एवढ्याशा गोष्टीला. जहूर गल्लीतून चालू लागला. कापडबाजाराची दुकानं शुक्रवारची बंद होती आणि वरच्या तट्ट्यांतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. तो त्या पट्ट्या ओलांडत चालला तसा त्याच्या पायाखाली लाकडी जमीन कुईं कुईं वाजू लागली. क्योतोतल्या एका जुन्या राजवाड्यातली जमीन होती ती. मोरितानं बूट हातात घेऊन, तोंडावर बोट ठेवून त्याला तिच्यावरून चालवलं होतं आणि प्रत्येक पावलाला फळ्यांखाली पाखरं चिवचिवल्यासारखा आवाज येत होता. चोर आला तर कळावा म्हणून तशी केलेली, मोरितानं हातवारे करून समजावलं. मग एका बागेत फक्त खडी होती, आणि एक म्हातारा दाताळ्यानं तिच्यावर रेघा ओढत होता, वाऱ्यानं वाळूवर ओढाव्यात तशा. जहूरला हसू आलं होतं की आमच्याकडं हे काम फुकट होतं. मग एका गल्लीत घराघरांतून मागांची खटखट ऐकू येत होती आणि तो सवयीनं थांबला होता, तेव्हा मोरितानं त्याची बाही ओढून म्हटलं होतं, "नो क्लॉथ! प्रॉमिस!" नोव्हेंबरचं ऊन होतं. घरांच्या वळचणीला सोललेली केशरी फळं दोरीला बांधून वाळत घातली होती. झाडांची पानं लाल झाली होती, आणि तो लाल कुठल्याही गिरणीला साधला नव्हता. आधी राजवाडा की आधी बाग? दुकानातला ताका न् ताका कुठल्या महिन्यात आला ते सांगू शकणाऱ्या जहूरला त्या दिवसाचा क्रम लागत नव्हता. सगळं एकाच वेळी, एकाच उन्हात उभं होतं.

क्रम लागायचा तो पुढचाच. दुपार कलली होती आणि दुपारच्या, जोहरच्या, नमाजेची वेळ होऊन गेली तर, ही टोचणी त्याला लागली होती. मोरिता त्याला एका मोठ्या फाटकातून आत घेऊन गेला. मोकळं पटांगण, कबुतरं, आणि डाव्या हाताला छपराखाली दगडी कुंड. माणसं येत होती, बांबूच्या पळीनं पाणी घेऊन आधी एक हात, मग दुसरा हात धूत होती, ओंजळीनं तोंड खळखळून चूळ बाजूला टाकत होती. जहूरला इतकं बरं वाटलं की त्याला विचार करायचं सुचलंच नाही. इथंही वजू करतात. त्यानं कोट काढून मोरिताकडं दिला, बाह्या वर सारल्या आणि बसला. मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात. डोक्यावरून ओला हात फिरवला. मग मोजे काढून पाय धुतले. पाणी असं गार होतं की घोटे बधिरले. मान वर केली तेव्हा भोवती माणसं थांबली होती. कुणी हसत नव्हतं. एक म्हातारी, पाठीत पार वाकलेली, त्याच्या पायांकडं बघत होती. तिनं कमरेचा निळा पंचा सोडून दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला. त्यानं पाय पुसले. आता कुठं बसू, असं त्यानं खुणेनं विचारलं तेव्हा मोरितानं समोरच्या भल्यामोठ्या लाकडी इमारतीकडं हात केला. "बिग रूम. रेस्ट."

पायऱ्यांवर बूट काढून ठेवायचे होते. आत जमिनीवर गवताच्या चटया होत्या, एकीला एक लावून, ओळींच्या ओळी, माणसानं उभं राहून सजदा करावा एवढ्या लांब, आणि प्रत्येकीला काळ्या कापडाचा काठ. पुढच्या बाजूला अंधार होता; बांबूचे पडदे सोडले होते आणि त्यांच्यामागं काय आहे ते दिसत नव्हतं. दोन-चार माणसं लांब लांब, मुकाट बसली होती. जुन्या लाकडाचा आणि कसल्याशा धुपाचा वास होता. "वेस्ट?" त्यानं हळूच विचारलं. मोरितानं त्या अंधाराकडंच बोट केलं. जहूर एका चटईवर उभा राहिला, कानांपर्यंत हात नेले आणि नमाज सुरू केली. पुढं काय झालं ते त्याला सांगता आलं नसतं, कारण काही झालंच नाही. पहिल्या रकातीत, नमाजेच्या पहिल्या आवर्तनात, आयती संपल्या तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्यानं फक्त आयतीच ऐकल्या. दुसरीत तेही ध्यानात आलं नाही. सजद्यात कपाळाला गवत लागलं आणि फक्त गवत लागलं. निळं नाही, मोरपंखी नाही, वार नाही, भाव नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो रिकाम्या हातांनी उभा होता. शेवटी मान वळवून सलाम फेरला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता.

आणि तेव्हाच गळ्यात भगवी पट्टी घातलेला एक पुजारी माणूस आतून आला, त्यानं पडदा वर केला, समई लावली, आणि अंधारात खोलवर सोनं उमटलं. आधी गुडघे, मग मांडीतले हात, मग मिटत आलेले डोळे. बरोबर समोर. जहूर बसल्या जागी गोठला. मोरिता मात्र आनंदानं फुलला होता. तो गुडघ्यांवर सरकत जवळ आला. "अमिदा बुद्धा," तो कुजबुजला. "अमिदा लिव्ह इन वेस्ट. मी, मदर, ग्रँडमदर, ऑल लुक वेस्ट." आणि जहूरच्या छातीकडं बोट करून, "यू ऑल्सो वेस्ट!" पट्टीवाल्या माणसानं वाकून त्या दोघांपुढं चहा आणला. मी त्या मूर्तीपुढं वाकलो नव्हतो, असं सांगायला जहूरकडं शब्द होते. अगदी मोरितालाही कळले असते. पण त्या माणसानं पेला दोन्ही हातांनी पुढं केला होता, आणि जहूरनं तो घेतला आणि प्यायला. त्या दिवशीची पुढचीच नमाज पढताना नायलॉन परत आलं. तेव्हापासून ते कायम होतं.

परत पढ, खलास. त्यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होतं ते दुसरंच, आणि ते चाचांना सांगता आलं नसतं. कजा पढायची म्हणजे ती झालीच नव्हती असं म्हणायचं. आणि ती झाली नसेल, तर मग दुसरी कुठली झाली होती? बाकीच्या सगळ्या वेळेवरच्या, बिनचूक, कापडानं भरलेल्या नमाजा एका पारड्यात आणि ती एक दुसऱ्यात, असं त्याला दिसायचं. आणि ती एकच जड होती, आणि तिच्याचसमोर ते सोनेरी गुडघे होते.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली. अजरा खालच्या सुरैय्यामावशीकडं खेळायला गेली. बिलकीस भांडी पालथी घालत होती. जहूर दारात उभा राहून म्हणाला, "सकाळी तू विचारलंस ना. एक आहे." आणि त्यानं तिला सांगितलं. कुंड, म्हातारीचा पंचा, चटया, पडदा. मधे मधे थांबत सांगितलं, आणि शेवटी नायलॉनचंही सांगितलं. ते सांगताना त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. बिलकीसनं हातातलं पातेलं तसंच धरून ऐकलं.

"तुम्हाला दिसलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मग गुन्हा कसला? पण शंका आहे तर पढून घ्या. पाच मिनिटांचं काम. तिकडं कशाला न्यायची ती?"

"हो."

"मी उगाच सांगत नाही. उद्या तिथं दुवा मागताना हेच आठवत बसाल. मला माहीत नाही का तुम्ही? एका सुरकुतीसाठी सगळा ताका परत उलगडणारे." मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्या चार रकातींत खरंच काही नव्हतं? काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मीही नव्हते?"

"नव्हतीस," तो म्हणाला. "अजराही नव्हती. मीसुद्धा नव्हतो."

बिलकीसनं पदराच्या टोकाला हात पुसले. "माझी अशी एकही नाही," ती म्हणाली. "माझ्या नमाजीत दूध उतू जातं. पोरगी पडते. तुम्ही बोटीवर असलात की बोट बुडते. सलाम फेरेपर्यंत किती वेळा बुडते म्हणून सांगू." ती हसली, पण ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "जा, वजू करा. असरच्या नमाजेच्या आत होऊन जाऊ दे."

त्यानं वजू केलं. माडीवर नमाजेचा मुसल्ला अंथरला. खिडकी पश्चिमेकडं नव्हती. पश्चिमेला चुन्याची भिंत होती, तिच्यावर ओल आलेली, आणि समुद्राकडून गार वारा सुटला होता. खाडीवरचे आवाज लांबून येत होते, माणसांचे, मोटारलाँचचे, आणि ते एकमेकांत मिसळून एकच संथ आवाज झाला होता. जहूर उभा राहिला. मनात नियत, नमाजेचा संकल्प, धरायची होती: जोहरची कजा, चार रकाती. शब्द साधे होते. त्यानं ते मनात उचलायला घेतले आणि ते उचलले जाईनात. 'कजा' म्हटलं की चटयांची ती लांबच लांब ओळ एका टोकाकडून गुंडाळली जाऊ लागे. म्हातारी आपला पंचा मागं घेई. मोरिता पायऱ्यांवर बूट हातात घेऊन उभा राही, काय चुकलं ते न कळून. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. दाराशी बिलकीसची चाहूल लागली; ती आत आली नाही, तिथंच चौकटीला टेकून थांबली. जहूरनं हात खाली सोडले. तो जरा वेळ नुसता उभा राहिला, मागणी नसलेल्या दिवशी दुकानात उभं राहावं तसा. मग त्याला कळलं की त्याला अल्लाहकडून काही मागायचं नाही, आणि काही परतही करायचं नाही. जे मिळालं ते मिळालं होतं. कुठं मिळालं हे देणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यानं दुसरी नियत धरली, शुक्रान्याच्या, आभाराच्या, दोन रकातींची, आणि हात कानांपर्यंत नेले.

नायलॉन आलं. पहिल्याच रकातीत आलं, नव्या शिपमेंटच्या वासासकट. त्यानं ते येऊ दिलं. सजद्यात गेला तेव्हा ते डोळ्यांपुढं होतं, उठला तेव्हाही होतं. दुसरी रकात झाली. त्यानं उजवीकडं सलाम फेरला, डावीकडं फेरला, आणि डावीकडं दारात बिलकीस होती. ती मोजत होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"दोनच?" ती म्हणाली.

"दोनच."

"मग ती?"

"ती झालीय," जहूर म्हणाला.

तो उठू लागला, त्यानं मुसल्ल्याचं एक टोक उचललं, आणि बिलकीस वजूसाठी वळता वळता म्हणाली, "गुंडाळू नका."